बाकी २,१३०

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मी एकवीस वर्षं हिशेब लिहिते. आता सगळं टॅलीत भरायचं असतं, पण सुरुवातीची काही वर्षं लाल कापडी बांधणीच्या वह्यांत गेली. दुकानात तेव्हा एक म्हातारे दिवाणजी होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या. रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, बसल्याशिवाय उठायचं नाही, रात्रीचे नऊ वाजले तरी. आणि कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, खाडाखोड करायची नाही. चुकीची नोंद पडली तर ती तशीच राहू द्यायची, पुढे उलट नोंद घालून तिचा निकाल लावायचा. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण २०२४च्या नोव्हेंबरात पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात फुलस्केप वही उघडून बसायचे, तेव्हा रोज त्यांची आठवण यायची.

कादंबरी लिहायची हे मी २०१६पासून म्हणत होते. माझे वडील, दादा, सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठ्यांवर, हमाली करायचे. त्यांच्यावर, त्या पेवांवर, नदीकाठच्या त्या माणसांवर लिहायचं होतं. पहिलं प्रकरण लिहिलं. चौदा पानं. संगमावरची संध्याकाळ, संगमेश्वराच्या देवळातली घंटा, कृष्णेत मिसळणारं वारणेचं पाणी. ते मी पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. एक विशेषण बदलायला आठवडा लागायचा. २०१९च्या ऑगस्टात पुराचं पाणी आमच्या गावभागातल्या घरात शिरलं, तेव्हा शेगडी, गाद्या, धान्याचे डबे सगळं माळ्यावर चढवलं आणि ती वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहून गेली. पाणी ओसरल्यावर सापडली ती चिखलाची वीट होऊन. मी त्या विटेपाशी बसून रडले. आणि महिन्याभरात तेच पहिलं प्रकरण आठवून आठवून परत लिहून काढलं, जवळजवळ शब्दाला शब्द. दुसरं प्रकरण मात्र २०२४चा दसरा आला तरी नव्हतं.

मुलगी पुण्याला असते. दसऱ्यानंतर तिचा फोन आला. म्हणाली, "आई, तू नोव्हेंबरात लिही. तीस दिवस, रोज ठरलेले शब्द. मागचं वाचायचं नाही." मग तिने मला त्याची सगळी गोष्ट सांगितली. १९९९च्या जुलैत अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोकडच्या ख्रिस बेटी नावाच्या माणसाने मित्रमैत्रिणी जमवून महिन्याभरात कादंबरी लिहायचं ठरवलं. एकवीस जण होते. पुढच्या वर्षी त्यांनी महिना बदलून नोव्हेंबर घेतला, कारण तेव्हा तिकडे हवा खराब असते, माणूस घरातच बसतो. पुढे त्याची संस्था झाली, जगभरातली माणसं त्यात आली. तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. परीक्षक नाही, बक्षीस नाही. आकडा गाठला की जिंकलात.

तिकडच्या हवेचं गणित इकडे लागू नाही. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे वर्षातली सगळ्यात गोड हवा आणि सगळ्यात जास्त पाहुणे. त्या वर्षी तर १ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन आलं, दुसऱ्या दिवशी पाडवा, तिसऱ्या दिवशी भाऊबीज. त्यात विधानसभेची निवडणूक. घरापुढून दिवसभर रिक्षा फिरायच्या, कर्णे लावून. तरीही आकडा ऐकल्याबरोबर माझ्यात काहीतरी जागं झालं. सांगलीच्या माणसाला रोजच्या आकड्याची भीती वाटत नाही. पावसाळ्यात इथे कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, "किती फूट?" कशाचे फूट हे सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि २०१९ला पाणी ५७च्या वर गेलं होतं, हे इथलं शाळकरी पोरगंही सांगेल. घरातलं सामान कधी उचलायचं हे आम्ही त्या आकड्यावर ठरवतो. दिवसभर दुकानात मी पोती, क्विंटल, तोलाई, हमाली मोजते. तेव्हा शब्दही मोजून बघावेत, असं वाटलं.

पण १,६६७ हा आकडा मला पटेना. मराठीत शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "मावशीच्या घरासमोरच्या कट्ट्यावर" हे आपले तीन शब्द. हेच इंग्रजीत लिहिलं की सात-आठ होतात, ही मुलीनेच मोजून दिलेली गोष्ट. म्हणजे त्यांच्या पन्नास हजारात जेवढा मजकूर बसतो, तेवढ्याला आपल्याला बरेच कमी शब्द लागणार. मी रोजचे १,२०० धरले, महिन्याचे ३६,०००. मी हाताने लिहिते. माझ्या अक्षरात ओळीला नऊ शब्द, पानाला चोवीस ओळी, म्हणजे २१६ शब्दांचं पान. रोज साडेपाच पानं. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला रोजमेळाचे रकाने आखले: तारीख, आज जमा, एकूण, बाकी.

पहिल्या दिवशी ९४० झाले. फराळाचं करायचं होतं, रांगोळी काढायची होती, दुकानात वहीपूजनाला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी १,३१०. पाच तारखेला कुणीतरी रंगभूमी दिनाचा निरोप फोनवर पाठवला. १८४३ साली याच तारखेला याच गावात विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं. रोज त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरावरून जाते, पण त्या दिवशी पहाटेची साडेपाच पानं लिहून झाल्यावर जाताना त्या इमारतीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांच्यापुढेही एक तारीख ठरलेली असणार आणि त्या तारखेला पडदा वर जायचा असणार.

सासूबाई पहाटे पाण्याला उठतात. सहाव्या की सातव्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय लिवाय लागलीस गं एवढं? दुकानाचा हिशेब चुकलाय का?" मी म्हटलं, "नाही आत्या, दादांचं लिहितेय." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या आधी उठून चहा ठेवायला लागल्या. कप वहीपासून लांब ठेवायच्या, सांडू नये म्हणून.

सहाव्या दिवशी मी कादंबरीतल्या बाईचा भाऊ मारला. नदीत. त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं आणि मरणाच्या प्रसंगाला शब्द भराभर येतात. चौदाव्या दिवशी कळलं की हा भाऊ तर मला हवाय, त्याच्याशिवाय जमिनीची वाटणी कोण मागणार? एरवी मी मागे जाऊन सहाव्या दिवसाची पानं फाडली असती. फाडली असती तर ती नीट करण्यात आठवडा गेला असता, आणि तो आठवडा परत कधी संपला नसता. मी काकांचं ऐकलं. समासात लिहिलं, "उलट नोंद: भाऊ जिवंत," आणि पुढच्या ओळीत त्याला पडवीत जेवायला बसवलं. खाडाखोड नाही. ते पान अजून तसंच आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबातूनच आली. ज्या रकमेचं खातं कळत नाही, ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. पैसे आले आहेत हे खरं, कुणाचे ते मागाहून शोधू. लिहिताना पदोपदी अडायला व्हायचं. पेवाची खोली किती? आत शिडीने उतरायचे की दोराने? ज्या वर्षाचं लिहितेय त्या वर्षी हमालाला पोत्यामागे काय मिळायचं? पूर्वी अशा प्रश्नावर मी वही मिटायची आणि "आधी माहिती काढू" म्हणून महिने घालवायची. आता वहीच्या शेवटच्या पानावर उचंत असं लिहून तिथे प्रश्न टाकायचा आणि मजकुरात रिकामी जागा सोडून पुढे जायचं. तीस दिवसांत उचंतमध्ये एकेचाळीस नोंदी झाल्या.

दहा दिवसांनी एकूण ११,२४० झाले होते, म्हणजे ७६० मागे. ते काही फार नव्हतं. पण अकरा, बारा, तेरा हे तीन दिवस सासूबाईंना ताप होता. रात्री त्यांच्या उशाशी, सकाळी दवाखाना, मग दुकान. एक ओळ झाली नाही. तेरा तारखेच्या रात्री रकाने भरले: जमा शून्य, शून्य, शून्य. उरलेल्या सतरा दिवसांत २४,७६० शब्द हवेत, रोजचे १,४५७. आकडा बघून पोटात गोळा आला. पण हेही खरं, की आकड्यामुळेच कळलं किती मागे आहे. आधीच्या आठ वर्षांत मी किती मागे आहे हे मला कधीच कळलं नव्हतं, कारण मोजायला काही नव्हतंच.

सतरा तारखेला रविवार होता. प्रचाराचा शेवटचा रविवार, सकाळी आठपासून कर्णे सुरू. दुपारी बसले तेव्हा ७०० शब्द झाले होते आणि सांगण्यासारखं सगळं संपलं होतं. पात्रं आपापल्या घरी बसलेली, कुणी कुणाशी बोलायला तयार नाही. नुसती जागा भरायची म्हणून मी पेव उघडण्याचं वर्णन लिहायला घेतलं. ते माझ्या आराखड्यात नव्हतं. माझ्या कादंबरीत माणसांची दुःखं येणार होती, जमिनीतले खड्डे नव्हे.

पेव म्हणजे जमिनीत खोदलेली कोठी. तोंड अरुंद, माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आणि पोट मोठं. हरिपूरची माती अशी घट्ट की आत हळद वर्षानुवर्षं राहायची, किडायची नाही. भरली की तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. उघडायची ती सकाळी, आणि लगेच कुणी आत उतरायचं नाही. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. दुपारपर्यंत तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं.

एवढं लिहिलं आणि हात आपोआप पुढे चालला. कंदिलामागून दादा उतरायचे. वर तोंडाशी मी बसलेली, आठ-नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी असली की मला तिथे बसवायचे. काम एकच: थोड्या थोड्या वेळाने "दादा" अशी हाक मारायची, खालून "हां" आलं की गप्प बसायचं. "हां" आलं नाही तर मोठ्या माणसांना बोलवायचं. खालून पिवळी धूळ वर यायची, उन्हाच्या तिरपीत नाचायची. माझ्या पापण्यांवर बसायची. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा माझा आवाज फुटला नसावा. कोपऱ्यावर माणसं विडी ओढत बसली होती, वीस पावलांवर. मला उठता येईना. किती वेळ गेला कोण जाणे, दोर हलला, बुट्टी वर आली आणि मागून दादांचं डोकं. भुवया पिवळ्या. मी रडतेय हे बघून म्हणाले, "अगं मोजत होतो. मोजताना बोललं की चुकतं."

हे मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मला आठवतंय हेच मला माहीत नव्हतं. दोन-अडीच तास लिहीत होते. त्या दिवशी २,६३० झाले. उठले तेव्हा पाय मुंग्यांनी भरले होते आणि बाहेरचे कर्णे कधी थांबले ते कळलंच नव्हतं.

त्या पानांबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. संगमावरची संध्याकाळ मी आठ वर्षं रंगवली, कारण कादंबरीची सुरुवात अशी असते, असं मला वाचून वाचून वाटत होतं. ती कुणीही लिहिली असती. पेवाच्या तोंडाशी बसलेली पोरगी फक्त माझ्याकडे होती आणि ती पाचशे शब्द कमी पडल्यामुळे बाहेर आली. ठरवलेलं सगळं संपलं, तरी उठायची परवानगी नव्हती. ती परवानगी नसणं हेच त्या महिन्याने मला दिलं.

एका वाचक मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती चिडली. म्हणाली, कादंबरी काय पोत्याने मोजायची वस्तू आहे का? तिचा राग मला समजतो. महिन्याभरात लिहिलेल्यातला तिसरा हिस्सा टाकाऊ आहे, तो माझ्या डोळ्यांना दिसतो. माणसं उगाच चहा पितात, उगाच आभाळाकडे बघतात. पण मोजून, तारखेला बांधून लिहिणं काही काल आलेलं नाही. हरिभाऊ आपट्यांनी "करमणूक"मधून कादंबऱ्या दिल्या त्या आठवड्याच्या आठवड्याला. अंक निघायचा तेव्हा निघायचाच. आणि दस्तयेव्हस्कीची गोष्ट तर माझ्यासारख्या हिशेबनीस बाईच्या काळजाला हात घालते. १८६६च्या १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हातात दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याची पुस्तकं प्रकाशकाने फुकट छापायची, असा करार त्याने कर्जापायी करून ठेवला होता. ऑक्टोबर उजाडला तरी ओळ नव्हती. शेवटी अॅना नावाची लघुलेखक मुलगी आली, हा सांगायचा, ती उतरून घ्यायची, रात्री घरी जाऊन स्वच्छ लिहून आणायची. सव्वीस दिवसांत कादंबरी झाली. पुढे त्याने तिच्याशी लग्न केलं, सगळे त्याचंच कौतुक सांगतात. मला मात्र ती रात्री घरी बसून स्वच्छ प्रत करणारी वीस वर्षांची मुलगी दिसते. दिवसाचा मेळ ती बसवत होती.

तीस तारखेला शनिवार होता. पहाटे लिहिलं, दुपारी दुकानातून लवकर आले, रात्री जेवणं आटोपल्यावर परत बसले. हे झोपायला गेले. साडेअकराला गोष्ट संपली. भाऊबहिणीची वाटणी झाली, पेवं बुजली, बाई नदीकडे न बघता घरी गेली. त्यापुढे लिहायला खरंच काही नव्हतं. बेरीज केली, दोनदा केली: ३३,८७०. बाकी २,१३०. भर घालून तो आकडा गाठता आला असता, अर्धा तास हातात होता. मी वही मिटली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मेळ न बसवता उठले आणि शांत झोपले.

डिसेंबरभर वहीला हात लावला नाही. जानेवारीत यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झाले, तेव्हा रोज रात्री दहा-दहा पानं वाचायला घेतली. पहिली चौदा पानं काढून टाकली. वाटलं होतं त्रास होईल, झाला नाही. आता पेव पहिल्या पानावर उघडतं.

१ एप्रिलला मुलीचा फोन आला. ती नोव्हेंबरवाली संस्था बंद होत असल्याचं आदल्या दिवशी जाहीर झालं होतं. ३१ मार्चला. आम्ही हिशेबनीस ज्या दिवशी वर्ष बंद करतो, त्याच दिवशी. मी अजून दुकानातच होते, मार्चअखेरची कामं आवरत. तिला म्हटलं, मी दरवर्षी करणार आहे, त्यांची संस्था असो नसो. आणि त्याच संध्याकाळी ठरवलं की आता उचंत खातं मिटवायचं.

पुढच्या रविवारी हरिपूरला गेले. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि ती बहुतेक संपली. दादा त्याच्या दोन वर्षं आधी गेले, त्यांनी ते बघितलं नाही. त्यांच्याबरोबर काम केलेले एक आप्पा आहेत, ऐंशीच्या पुढचे. ओट्यावर बसले होते. मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि एकेक नोंद विचारायला लागले. खोली किती होती? "कुठलं तीन पुरुष, कुठलं चार." आत कशाने उतरायचे? "शिडी कुठली? दोर." माझ्या वहीत शिडी होती. समासात उलट नोंद केली. तळाला काय अंथरायचे? "आदी श्यान सारवायचं. मग वाळला पाला."

दहा-बारा नोंदी झाल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू ती वर बसून हाका मारणारी पोर न्हवं?"

मी हो म्हटलं. म्हटलं, तुम्हाला कसं आठवतं?

"न आठवाय काय झालं? समद्या पेवांवर पोरं बसायची. माजी भन बसायची. तिची हाक लय बारीक, खाली ऐकूच याची न्हाई. मग मीच खालनं उगंच हां हां करत ऱ्हायचो, ती भ्याली तर म्हणून."

चाळीस वर्षं मी समजत होते की तिथे एकटी मीच होते. वहीतलं कोरं पान काढलं. आप्पांना विचारलं, बहिणीचं पेव कुठलं? त्यांनी काठी उचलून नदीकडे दाखवली आणि अगदी कडेच्या पेवापासून सांगायला सुरुवात केली.